एएम हर्क्युलिसची एक फेरी मोजताना

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारे तारे मोजायचा नाद लागल्यावर मी एएम हर्क्युलिसकडे वळले ती त्याच्या आवर्तनकाळामुळे. ही दोन ताऱ्यांची जोडी आहे: यातला श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) आणि त्याचा लाल बटू (लहान, थंड तारा) जोडीदार सुमारे ३ तास ६ मिनिटांत एकमेकांभोवती फिरतात, त्यामुळे पूर्ण फेरी एकाच रात्रीत पदरात पडते. शिवाय जागा सोपी: शौरी तारकासमूहात, अभिजितच्या उत्तरेला साधारण ११ अंशांवर.

हा तारा कधी १२-१३व्या प्रतीचा असतो, तर कधी १५व्या प्रतीपर्यंत मंदावतो (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). म्हणून इतर निरीक्षकांच्या ताज्या नोंदी पाहून, तो तेजस्वी असतानाची रात्र निवडली. कॅमेऱ्याचे दोष काढायला लागणाऱ्या फ्लॅट आणि डार्क फ्रेम घेणं हे नेहमीचंच. खरा विचार करावा लागला एक्स्पोजरचा. जास्त वेळ ठेवला तर याची मिनिटामिनिटाची चुळबुळ पुसली जाते. मी ३० सेकंदच ठेवला. त्याच चौकटीत दोन स्थिर तारे धरले, एक तुलनेला आणि दुसरा पडताळ्याला.

तेजाचा आलेख उमटू लागला तेव्हा पडताळ्याच्या ताऱ्याची रेघ सरळ चालली होती आणि त्याच फ्रेममधला एएम हर्क्युलिस दर काही ठिपक्यांनी वरखाली होत होता. म्हणजे चुळबुळ हवेची नव्हती, त्याची स्वतःची होती!

या श्वेतबटूचं चुंबकीय क्षेत्र सुमारे १.४ कोटी गॉस आहे. पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. एवढ्या जोरापुढे जोडीदाराकडून येणाऱ्या वायूची तबकडी बनतच नाही. तो चुंबकीय बलरेषा धरून सरळ ध्रुवाजवळ आदळतो, कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. त्याच क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशही देतात. तो वर्तुळाकार ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरींची कंपनदिशा गोल फिरत राहते. १९७६मध्ये खगोलशास्त्रज्ञ तापिया यांनी हे ध्रुवण मोजलं, तेव्हा कुठे या ताऱ्याचं गुपित कळलं. खगोलशास्त्रज्ञ मॅक्स वोल्फ यांनी हा तारा रूपविकारी असल्याचं १९२३मध्येच नोंदवलं होतं.

श्वेतबटूचं स्वतःभोवती फिरणंही फेरीशी जखडलेलं आहे. त्यामुळे आदळण्याची जागा ठरावीक वेळी आपल्यापासून दूर वळते आणि आलेखात तशीच उतरण येते. ती उतरण दुसऱ्या रात्री बरोबर अपेक्षित वेळी आली, तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

पुढे जोडीदाराकडून येणारा ओघ आटला आणि तारा मंदावला. अनेक जण अशा वेळी दुर्बीण दुसरीकडे वळवतात. मला ते पटत नाही. ओघ पुन्हा कधी सुरू झाला हे कळायला या मंद नोंदीच लागतात. सध्या बऱ्याच फ्रेम एकत्र करून मी एकेक ठिपका मिळवते आहे.