पाचच्या चहाबरोबरचा डबा

वजन उतरवायचं ठरवल्यावर जेवण कमी करणं मला फारसं जड गेलं नाही. जड गेलं ते मधलं खाणं. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी पाचच्या चहाबरोबर भडंग, शेव, चकली असं काहीतरी असतंच. डबा उघडायचा, मूठभर घ्यायचं, मग भाजी निवडता निवडता हात परत डब्यात. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या मैदानात चालायला जात होते, पण अर्ध्या तासाच्या चालण्यात जेवढं जळतं तेवढं दोन मुठी शेवेत भरून निघतं. तेल-तुपाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, पिठात नि साखरेत 4.

शेवटी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी कंबरही मोजली. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की वजन जास्त धरतात आणि बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, हे तिथं समजलं. मग विचारलं, "दुपारी काय जेवता?" एक भाकरी आणि भाजी, मी सांगितलं. "मग पाचला भूक लागणारच. दुपारचं जेवण वाढवा."

वजन कमी करायला आलेल्या बाईला जास्त जेवा म्हणतात, हे पटायला वेळ लागला. तरी केलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर वाटीभर मटकीची उसळ, कच्चा मुळा नाहीतर काकडी, वर ताक. प्रथिनं आणि चोथा पोटात असला की भूक उशिरा लागते. संध्याकाळची ती कासावीस करणारी भूक खरोखरच निवली.

राहिली ती सवय. डबा घरातून काढावा म्हटलं तर आत्या म्हणाल्या, "पोरांनी काय खायचं मग?" त्यांचं बरोबर होतं. तेव्हा एकच नियम केला, वाटीत काढून घ्यायचं आणि बसून खायचं. डब्यातून खाताना किती खाल्लं ते कळतच नाही, वाटी मात्र रिकामी झालेली दिसते. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

हळदीकुंकवाला, बारशाला "एवढं तर खा की वैनी!" होतंच. कुंदा कायमचा सोडा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तासन् तास दूध आटवून केलेला तो पदार्थ आपल्या गावचा आहे. मी चमचाभर घेते, चवीनं खाते आणि त्या दिवशी चहात साखर घालत नाही.

जागरण मात्र अजून भोवतं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, आणि मला ते दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच जाणवतं. अशा दिवशी वाटीत फुटाणे घेते. आता आत्याही माझ्याबरोबर तेच घेतात, आणि यंदाच्या दिवाळीत चकलीची भाजणी त्यांनी आपणहून निम्मीच दळून आणली.