घरटॅक्स, नमुना 8 आणि नसलेला गोठा

दोन वर्षांपूर्वी आम्ही वडिलोपार्जित मातीचे, कवेलूचे घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचे घर बांधले. त्यानंतरच्या आकारणीनंतर ग्रामपंचायतीच्या चपराशाने जे मागणी बिल हाती दिले, त्यातील रक्कम जुन्या कराच्या जवळजवळ पाचपट होती. आमच्या भागात याला घरपट्टी क्वचितच म्हणतात, घरटॅक्सच म्हणतात. आणि तो वाढला की पारावर बसून सरपंचाला चार शब्द सुनावले, की लोकांचे समाधान होते. माझेही तेवढ्यावरच भागले असते, पण पाचपट हा आकडा काही केल्या गळी उतरेना.

बिलावरील रक्कम नमुना 9 मधून, म्हणजे कर मागणी नोंदवहीतून येते आणि तेथील आकडा नमुना 8 मधून, म्हणजे कर आकारणी नोंदवहीतून. त्यामुळे वाद घालायचाच असेल तर तो नमुना 8 समोर ठेवूनच घालावा लागतो. सचिवांकडे (ग्रामसेवकांना आमच्याकडे सचिवच म्हणतात) अर्ज करून मी त्याची नक्कल घेतली.

आकारणीची रीत एकदा समजून घेतली की अवघड नाही. 1960 च्या कर व फी नियमांत 2015 च्या अखेरीस दुरुस्ती झाली आणि क्षेत्रफळावर ठोक कर लावण्याऐवजी घराचे भांडवली मूल्य काढले जाऊ लागले. त्यासाठी जमिनीच्या क्षेत्रफळाला तिच्या वार्षिक मूल्यदराने गुणतात. बांधकामाच्या क्षेत्रफळाला बांधकामाचा दर आणि वयोमानानुसार घसाऱ्याचा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेल्या किमतीचा, दर लावतात. आणि या दोन रकमांच्या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणतात. राहत्या घराचा भारांक कमी असतो, दुकानाचा जास्त. म्हणून समोरच्या खोलीत किराणा मांडणाऱ्याने बिल वाढल्याचे नवल करू नये. येणाऱ्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे काही पैसे असा कर बसतो, आणि हा दर शासनाने ठरवलेल्या किमान व कमाल मर्यादेत ग्रामपंचायत निश्चित करते. मातीच्या जुन्या घराचा दरही कमी आणि घसाराही मोठा, तर नव्या स्लॅबचे दोन्ही बाबतींत उलटे, हे ध्यानात आल्यावर वाढीचा मोठा भाग मला मान्य करावाच लागला.

उरलेला भाग मात्र चुकीचा होता. आमचे घर 24 बाय 30, म्हणजे 720 चौरस फुटांचे. नोंद मात्र 936 चौरस फुटांची होती. हे जास्तीचे 216 चौरस फूट कोठून आले, याचा उलगडा मला घरी आल्यावर सांदवाडीत, म्हणजे घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत, उभे राहून झाला. तेथे एके काळी 12 बाय 18 चा गोठा होता, जो घर बांधण्याच्या आधीच्या पावसाळ्यात बसला आणि ज्याच्या जागी आता कुटाराचा ढीग आहे. जुन्या नोंदीतील तो गोठा वगळलाच नव्हता. उलट घरासोबत त्यालाही स्लॅब चढला होता.

आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मुदत दिली जाते, पण ती यादी मी वाचलीही नव्हती. आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते, पण तेथवर जावे लागले नाही. दुरुस्तीसाठी अर्ज दिल्यावर सचिव स्वतः टेप घेऊन आले, एक टोक मी धरले, दुसरे चपराशाने, आणि पुढच्या मासिक सभेत दुरुस्ती मंजूर झाली. दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी यांच्या रकमा बिलात वेगळ्या असतात. त्या जशाच्या तशा राहिल्या.

आणखी एक गैरसमज माझाही होता: नमुना 8 वर नाव आहे म्हणजे घर आपले झाले. ती कराची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे. गावठाणातील मालकीसाठी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) लागते, आणि त्यासाठीच 2020 पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली.

दुरुस्त बिल मी 30 सप्टेंबरच्या आत भरले, कारण तोपर्यंत चालू वर्षाच्या करावर 5 टक्के सूट मिळते. पावती, म्हणजे नमुना 10, आता नमुना 8 च्या नकलेला टाचून ठेवली आहे.