एका दाताची खूण

सकाळची पहिलीच पेशंट. असिस्टंटनं फोनवरून नोंद घेऊन ठेवली होती: "दात पांढरे करायचेत, एकाच बैठकीत." अशा नोंदी आमच्याकडे रोजच्याच. मी शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांची पट्टी, आणि कॅमेरा काढून ठेवला, बाकी काही विचार केला नाही.

बाई चौतिशीच्या असतील. बोलताना त्यांचे ओठ फार स्वच्छ हलत होते, एकेक शब्द समोर मांडून ठेवल्यासारखे. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मी कर्णबधिर मुलांना शिकवते, डॉक्टर. मुलं दिवसभर माझ्या तोंडाकडेच बघत असतात."

मग त्यांनी वरचा ओठ उचलून दाखवला. वरच्या मधल्या दोन दातांपैकी डावीकडचा दात करडा होता. पावसाळी ढगासारखा, हिरडीजवळ जास्त गडद.

"मुलं कुणाचंही नाव एकेक अक्षर जुळवत सांगत बसत नाहीत," त्या सांगू लागल्या. "प्रत्येकाला एक खूण देतात. कुणाला गालावरच्या खळीची, कुणाला चष्म्याची. माझी ही." त्यांनी तर्जनी समोरच्या दातावर दोनदा टेकवली. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी सारखी हसते म्हणून ही खूण. मागच्या आठवड्यात एका नव्या मुलीनं विचारलं, बाईंचं हे नाव का? तर वर्गातल्या मोठ्या मुलानं तिला समजावलं, काळा दात."

हे सांगताना त्या हसल्या, पण हसताना हात तोंडावर गेला. ती सवय नवीन होती, मागच्या आठवड्यापासूनची. हात नीट कुठे ठेवायचा हे त्यांना अजून जमलं नव्हतं. मुलांना समोरच्याचं तोंड दिसावं लागतं, आणि या बाई आता वर्गात तोंड झाकू लागल्या होत्या. मला ते फार लागलं.

दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना सांगितलं गेलं होतं की तासाभरात, निळ्या दिव्याखाली, सगळे दात पाच-सहा शेड उजळतील. त्यांचा हिशेब सरळ होता: "सगळेच लख्ख झाले की हा एक त्यात लपून जाईल. मी आज रजा टाकून आलेय. आजच करून टाका."

इथे मला जुनं एक आठवलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाचे दात मी असेच एका बैठकीत पांढरे करून दिले होते. त्याच्या समोरच्या एका दातावर जुनी कॅप होती. कॅप आणि फिलिंगचा रंग ब्लीचिंगनं बदलत नाही हे मला पुस्तकातून पाठ होतं, पण त्या दिवशी मी ते त्याला सांगितलं नाही. त्यानं आरशात पाहिलं तेव्हा पांढऱ्या दातांच्या रांगेत ती एक कॅप पिवळी दिसत होती. आधी तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नव्हतं. तो काही बोलला नाही, नुसता आरसा खाली ठेवला. कॅप मी बदलून दिली, पण आरसा खाली ठेवणारा त्याचा हात मला अजून दिसतो. तेव्हापासून माझा एक नियम आहे: दात कशानं पांढरे करायचे हे नंतर, आधी ते काळे कशानं झाले ते बघायचं.

मी बाईंना म्हणाले, "आज करायचं की नाही ते ठरवू. आधी या दाताशी जरा बोलू द्या."

शेड गाइडमध्ये सोळा नमुने असतात, एकेका छोट्या दातासारखे. बाकीचे दात ए३ ला जुळत होते. वाढत्या वयाचा नेहमीचा पिवळसरपणा, त्यात वावगं काही नाही. तो एक दात सी४ च्या जवळ जात होता, म्हणजे पट्टीच्या अगदी गडद टोकाला. आरशाच्या दांड्यानं एकेक दात हलकेच ठोकला. इतर दातांवर काही नाही, त्याच्यावर त्या म्हणाल्या, "इथे जरा वेगळं वाटतं. दुखत नाही, पण वेगळं." मग थंड फवाऱ्याचा कापूस लावला. शेजारच्या दाताला लावल्याबरोबर त्यांनी हात वर केला. करड्या दाताला लावला, पाच सेकंद गेले, दहा गेले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी सुरू कधी करणार याची वाट बघत. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

"लहानपणी इथे काही लागलं होतं का?"

"तेरा-चौदा वर्षांची असेन. झोपाळ्याची फळी लागली होती. दोन दिवस दात हलत होता, मग आपोआप घट्ट झाला."

एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी मटाराएवढी काळी सावली होती, गोल, कडेनं स्पष्ट. दाताची नस वीस वर्षांपूर्वी मेली होती आणि मुळाखालचं हाड हळूहळू विरघळत होतं. एकदाही दुखलं नव्हतं. अशा दातांचं हेच वाईट असतं, बाहेरून रंग सोडला तर ते काही सांगत नाहीत.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि समजावलं. मार बसला की आत रक्तस्राव होतो. ते रक्त डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, बारीक नळ्यांमध्ये शिरतं, त्यातलं लोह तिथेच राहतं आणि दात आतून करडा पडतो. बाहेरून लावलेलं जेल अशा दातावर हळू आणि अर्धवट चालतं. शेजारचे दात मात्र भराभर उजळतात. म्हणजे आज सगळ्यांना जेल लावलं असतं तर फरक कमी व्हायच्या ऐवजी वाढला असता. तो दात आज ढगासारखा दिसतोय, उद्या कोळशासारखा दिसला असता, आणि मुळाखालचं दुखणं तसंच राहिलं असतं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मुलांनी बरोबर ओळखलं होतं. हा दात मेलेलाच आहे."

मी म्हणाले, "नस मेलीय, दात नाही. मुळाभोवतीचं हाड आणि पेशी त्याला अजून धरून आहेत. दात काढायचा नाहीये."

रजा वाया गेली म्हणून त्या खट्टू झाल्या होत्या, ते मी समजू शकत होते. तासाभराची गोष्ट दीड-दोन महिन्यांवर गेली होती. म्हणून मी सगळं कागदावर काढून दाखवलं: आधी रूट कॅनाल. मग त्या एका दाताचं आतून ब्लीचिंग. बाकीच्या दातांचं काय करायचं हे शेवटी, आणि तेही त्यांना हवं असेल तरच. त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून सुरू करा."

रूट कॅनाल दोन बैठकांत झालं. दात मागच्या बाजूनं उघडला तेव्हा नसेच्या पोकळीच्या वरच्या कोपऱ्यांत तपकिरी गाळ चिकटलेला होता, तेरा वर्षांच्या मुलीचं रक्त. ते कोपरे मी मुद्दाम सावकाश साफ केले. तिथे जरा जरी राहिलं तरी रंग परत येतो आणि माणसाला वाटतं उपचार फसला.

आतून पांढरं करायची पद्धत जुनी आहे. सोडियम परबोरेटची पूड पाण्यात कालवून दाताच्या पोकळीत भरायची ही कल्पना १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मला अजूनही तीच भरवशाची वाटते. पुढे काही काळ लोक आत ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड भरून वर तापवलेलं हत्यार लावायचे. रंग लवकर यायचा, पण काही दातांची मुळं दाताच्या मानेशी, हिरडीच्या खाली, कुरतडली जाऊ लागली. आज इतक्या घाईची गरज नाही. भरण्याआधी मुळातल्या गुट्टा पर्चावर, म्हणजे मूळ भरायच्या रबरासारख्या पदार्थावर, सिमेंटचा दोन मिलिमीटरचा थर बसवायचा, म्हणजे औषध मुळाकडे झिरपत नाही. हा थर दिसत नाही, त्याचा कुणी फोटो काढत नाही, पण या सगळ्या कामात मी सर्वांत जास्त वेळ त्याच्यावर घालवते.

ओल्या वाळूसारखं ते मिश्रण भरलं, वर कापसाचा बारीक बोळा, वर तात्पुरतं सिमेंट. पाच दिवसांनी बोलावलं. पहिल्या वेळी फरक जेमतेम. बाईंनी आरशात बघून "हं" केलं, एवढंच. दुसऱ्या वेळी दाताचा वरचा भाग खुलला होता, हिरडीजवळची कड मात्र अजून राखाडी. तिसऱ्या वेळी कापूस काढला आणि मी स्वतःच क्षणभर थांबले. दात शेजाऱ्यापेक्षा किंचित उजळ झाला होता. तिथेच थांबवलं. एक केसभर उजळ ठेवायचा असतो, कारण पुढे तो थोडा खाली उतरतो.

त्यांनी आरसा हातात घेतला. जीभ त्या दातावरून फिरवली, जणू तो जागेवर आहे का ते बघायला. मग विचारलं, "आता बाकीचे?"

खरं तर इथे थांबता आलं असतं आणि मी तसं म्हणालेही. ए३ हा काही आजार नाही. पण त्यांना थोडे उजळ हवे होते, स्वतःच्या आनंदासाठी, आणि ते कारण मला पुरेसं आहे. आता निवड खरोखर त्यांची होती.

एका बैठकीतला मार्ग मी त्यांच्यापासून लपवला नाही. हिरड्यांवर संरक्षक थर लावून ३५-४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल पंधरा-वीस मिनिटांचं दोन-तीनदा लावतात. रंग त्याच दिवशी दिसतो. त्यातला निळा दिवा मात्र मी वापरत नाही, कारण दिव्याशिवायही ते जेल तेवढंच काम करतं, असंच बहुतेक तुलनांमध्ये दिसलंय. शिवाय खुर्चीतून उठताना दात वाळलेले असतात म्हणून जास्त पांढरे दिसतात. काही दिवसांत ओलावा परत आला की रंग थोडा उतरतो. हे आधी न सांगता कुणाला आरसा द्यायचा नाही असं मी ठरवलंय. ज्याच्याकडे दिवस नाहीत आणि ज्याचे दात शिवशिवत नाहीत, त्याला मी तोच मार्ग सांगते.

दुसरा मार्ग घरच्या ट्रेचा. १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन यांनी तो नीट लिहून मांडला: तोंडाच्या मापाचा पातळ, पारदर्शक ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्रभर. दहा टक्के ऐकून लोक दचकतात, पण त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड जेमतेम साडेतीन टक्के निघतं. हळू चालतं म्हणूनच दाताला सोसतं. दोनेक आठवड्यांत साधा पिवळेपणा उतरतो. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकनं पडलेले करडे पट्टे असतील तर महिनोन्‌महिने लागतात, पण तो वेगळा विषय.

बाईंच्या सुळ्यांजवळ हिरड्या थोड्या उतरल्या होत्या, मुळांचा पिवळा भाग उघडा पडला होता. थंड पाणी प्यायलं की त्या डोळे मिटायच्या, हे मी दोनदा पाहिलं होतं. म्हणून मी स्पष्ट म्हणाले, "तुमच्या जागी मी ट्रे घेईन."

मापं घेतली, प्लास्टरचे साचे केले, ट्रे हिरडीच्या कडेनं कापून घासले. जेल किती घालायचं ते त्यांच्या बोटांनीच करून घेतलं, दर दाताला तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त घातलं की ते हिरडीवर येतं आणि हिरडी पांढरी पडून झोंबते. आतून पांढरा केलेल्या दाताचं घर मात्र रिकामं ठेवायला सांगितलं, इतरांनी त्याला गाठावं म्हणून.

तिसऱ्या रात्री त्यांचा फोन आला. वरच्या दातांतून कळ जातेय म्हणाल्या. एक रात्र सोडायला सांगितलं आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट ट्रेमध्ये घालून झोपण्याआधी अर्धा तास लावायला सांगितली. कळ थांबली. नंतर त्या एक दिवसाआड लावू लागल्या. दोन आठवड्यांचे चार झाले, त्यानं काही बिघडलं नाही.

बाकीचे दात त्या एका दाताच्या रंगाला पोचल्यावर दोन आठवडे काहीच केलं नाही. रंग स्थिरावू द्यायचा असतो आणि दातात राहिलेला ऑक्सिजन निघून जाऊ द्यायचा असतो, नाहीतर फिलिंग नीट चिकटत नाही. मग त्या दाताची मागची बाजू कायमची भरली.

सहा महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा मी आधी एक्स-रे काढला. सावली मटाराची मसुरीएवढी झाली होती, कडा पुसट, आत नवं हाड भरत आलेलं. त्यांना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, आणि मला जाणवलं की आल्यापासून त्यांचा हात एकदाही तोंडाकडे गेला नव्हता.

"मुलं काय म्हणतात?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी त्या मोठ्या मुलानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग विचारलं, तो दात कुठे गेला? म्हटलं, इथेच आहे, बरा झाला. मग वर्गात बराच वेळ चर्चा चालली होती की बाईंचं नाव आता बदलायचं का."

"मग?"

त्यांनी तर्जनी त्याच दातावर दोनदा टेकवली.

"नाही बदललं. यंदाच्या नव्या मुलांना हे नाव कशावरून पडलं ते माहीत नाही. त्यांना वाटतं, मी सारखी हसते म्हणून."