पाण्याचं वजन हवेवर टाकता येतं का?

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, विदर्भातल्या नरनाळ्याच्या किंवा चिखलदऱ्याच्या डोंगरात चालायचं तर तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. आठ तास चाललं की सहा ते आठ लिटर, आणि तितकेच किलो पाठीवर. हे ओझं कमी करायच्या कल्पना कागदावर फार देखण्या आहेत. त्या कुठे अडतात हे आकड्यांनीच बघावं.

सगळ्यात सुंदर कल्पना हायड्रोजनची. पाण्याच्या वजनाचे नऊ भाग केले तर आठ ऑक्सिजनचे असतात, आणि ऑक्सिजन हवेत आहेच. मग १११ ग्रॅम हायड्रोजन न्यायचा, जाळायचा, की एक लिटर पाणी. पण ४४ अंशांच्या उन्हात एवढा हायड्रोजन चौदाशे लिटर जागा व्यापतो. दाबून भरायचा तर ७०० बारची, म्हणजे हवेच्या साधारण सातशेपट दाबाची, कार्बन फायबरची टाकी लागते, आणि उत्तम टाकीतसुद्धा तिच्या वजनाच्या पाच-सहा टक्केच हायड्रोजन मावतो. म्हणजे एका लिटरसाठी दोन किलोची टाकी. शिवाय जळताना जी उष्णता निघते, तिच्यावर पन्नासेक लिटर पाणी उकळेल. ती वाफ निववायची कशानं?

मग गॅस. थंड पाण्याचं पातेलं शेगडीवर ठेवलं की पहिलं मिनिटभर बाहेरून बुडाला थेंब धरतात, ज्योतीत पडून चुर्रर्र करतात. पातेलं गळत नसतं. ते गॅस जळून तयार झालेलं पाणी असतं. छोट्या शेगडीच्या कॅनमध्ये ब्युटेन हा गॅस असतो; १०० ग्रॅम ब्युटेनमधून १५५ ग्रॅम पाणी होतं, म्हणजे २३० ग्रॅमच्या कॅनमधून साधारण ३५० मिली. स्वयंपाकही होतो आणि पाणीही मिळतं, म्हणून ही कल्पना मनातून जात नाही.

अडतं ते हवामानात. जळालेल्या धुरातली वाफ ५५ अंशांच्या आसपास पाणी व्हायला लागते, तीही जेमतेम लागेल तेवढीच हवा मिळाली तर. मे महिन्यात भोवतालचं सगळंच ४४ अंशांवर, त्यामुळे निम्म्याहून जास्त वाफ धुराबरोबर निघून जाते. उघड्या शेगडीत जास्तीची हवा मिसळते, मग तेवढंही हाती लागत नाही. डिसेंबरात १२ अंशांच्या पहाटे नव्वद टक्के वाफ धरता येईल, पण तेव्हा नाल्यांना पाणी असतंच. आणि ज्योतीवर गार पत्रा धरला की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड निघतो. तंबूत हा प्रयोग अजिबात करू नका.

हवेतलं पाणी ओढायचं म्हणाल, तर ज्या कोरडेपणामुळे विदर्भात घरोघरी कूलर इतका छान चालतो, तोच इथे आडवा येतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना घनमीटरभर हवेत नऊ ग्रॅम पाणी असतं. निम्मं मिळालं असं धरलं तरी लिटरभरासाठी सव्वादोनशे घनमीटर हवा लागेल, म्हणजे दहा बाय दहाच्या आठ खोल्या. ती १२ अंशांच्याही खाली गार करायची. नुसत्या वाफेचं पाणी करायला ६८० वॉट-तास उष्णता काढावी लागते. विजेवरचं गार करणारं छोटं यंत्र खर्च केलेल्या विजेएवढी उष्णता काढतं असं मानलं, तरी १०,००० एमएएचच्या अठरा पॉवर बँका झाल्या.

चरबी जाळून शरीर पाणी करतं हे खरं, १०० ग्रॅमला सुमारे १०७ ग्रॅम. पण ती जाळायला जेवढं चालावं लागतं, त्यात घाम त्याच्या कितीतरी पट जातो.

त्यापेक्षा छागल, म्हणजे पाणी झिरपून गार ठेवणारी जाड कापडाची पिशवी, घ्या. पाच लिटर पाणी १५ अंशांनी गार व्हायला सव्वाशे-दीडशे मिली पाणी उडतं. वजन वाचत नाही, पण उन्हानं तापलेलं पाणी माणूस घोट-घोटच पितो आणि ओझं वाहूनही तहानलेला राहतो. नवी छागल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे धागे फुगतात आणि गळती थांबते. ती सॅकमध्ये कोंबू नका, बाहेर वाऱ्यात आणि सावलीच्या अंगाला टांगा.

वजन खरं उतरतं ते वाटेतल्या भरण्यानं. पायथ्याच्या गावात हापशी चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारा, आणि निघण्याआधी तिथेच पोटभर प्या. पुढे कोरड्या नाल्यात ओल दिसली तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाळूत हातभर झिरा, म्हणजे पाणी झिरपून साठेल असा खड्डा, उकरा. पहिलं गढूळ पाणी उपसून टाका, दुसरं निवळू द्या, चौपदरी फडक्यानं गाळा आणि खळखळ उकळा. तासभर वाट पाहूनही झिरा भरला नाही तर तिथे आणखी खोदत बसू नका. खोदण्यात जाणारा घाम परत मिळत नाही. उरलेल्या पाण्यात गाव गाठता येतं तोवर मागे फिरा.