सोन नदी: ग्रे ते तुर्नू, टप्प्याची नोंद

फ्रान्समधली ही सोन, आपल्याकडची नव्हे. अंतर सुमारे 170 किमी, दिशा प्रवाहाबरोबर. बोट पोलादी, लांबी साडेनऊ मीटर, पाण्याखाली 90 सेंमी. इंजिन 23 तास चाललं, डिझेल 68 लिटर. वेग ताशी 9 किमीच्या आसपास.

ही नदी इतकी मंद, की ती कुठल्या दिशेला वाहते ते डोळ्यांना कळत नाही असं ज्युलियस सीझरनं लिहून ठेवलंय. उन्हाळ्यात ते आजही पटतं. पण पाणी संथ म्हणून हात सैल पडतो, आणि गडबड होते ती लॉकमध्ये, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, नाहीतर इंजिनाच्या गाळणीत.

सें-जाँ-द-लोनच्या वरची ती 'छोटी सोन'. इथं जागोजागी नदी बंधाऱ्याकडे जाते आणि बोटीचा रस्ता बाजूच्या कालव्यात शिरतो. फाटा चुकला तर समोर थेट बंधारा, म्हणून फाट्याआधी अर्धा किलोमीटर वेग उतरवून पाटी शोधायची. लॉक स्वयंचलित आहेत. पाण्यावर एक दांडा लोंबत असतो. त्याच्या शेजारून हळू जात तो पाव फेरा पिळायचा. दिवा लुकलुकला की निरोप पोचला. दांडा ओढत बसू नये, बोट पुढे जाते आणि माणूस मागे लटकतो. लाल-हिरवा एकत्र म्हणजे तयारी चालू आहे. नुसता हिरवा झाल्यावरच आत.

आत गेल्यावर दोर खुंट्याला बांधायचा नाही. खुंट्यामागून फिरवून परत बोटीवर आणायचा आणि मोकळं टोक हातात ठेवायचं. पाणी उतरायला लागलं की गाठीचा दोर बोटीला लटकवतो. मग क्लीट, म्हणजे बोटीवरची दोर अडकवायची खुंटी, उपटते किंवा बोट कलंडते. तीन मीटर उतारासाठी 14 मिमी जाडीचा, 15 मीटर लांबीचा दोर पुरतो. खाली उतरताना मागच्या दारापाशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याची खूण भिंतीवर रंगवलेली दिसते. सुकाणू त्या खुणेच्या पुढेच राहिलं पाहिजे. सगळे दोर हातात आले की निळी दांडी उचलायची. लाल दांडी फक्त संकटात. ती ओढली की लॉक थांबतं आणि कर्मचारी येईपर्यंत थांबूनच राहतं.

या कालव्यांत जुलै-ऑगस्टमध्ये पाणवनस्पती दाट होते आणि इंजिन थंड करणारं पाणी ज्या गाळणीतून येतं ती तुंबते. लक्षण तापमानाच्या काट्यावर उशिरा दिसतं, आधी कानाला कळतं: एक्झॉस्टमधून पाणी कमी पडतं आणि आवाज कोरडा, घोगरा होतो. इंजिन तेव्हाच बंद करावं, कारण पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इंपेलर, कोरडं फिरलं तर मिनिटा-दोन मिनिटांत फाटतं. नांगर टाकून बोट थांबवा, तळाचा व्हॉल्व्ह बंद करा, गाळणी उघडून साफ करा, व्हॉल्व्ह उघडा. तरीही धार आली नाही तर पंपाचं झाकण काढा. पाती मोजा. सहापैकी चार उरली असतील तर तुटलेली दोन हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकलेली असतात. ती काढल्याशिवाय नवा इंपेलर घालण्यात अर्थ नाही. बसवताना ग्लिसरीन किंवा भांड्यांचा साबण लावा. ग्रीस नको, रबर फुगतं. या टप्प्यात गाळणी चार वेळा साफ झाली, इंपेलर शाबूत.

ओसोन हे भिंतींचं लष्करी गाव. तरुण नेपोलियन तोफखान्यातला अधिकारी म्हणून 1788 मध्ये इथं आला. सें-जाँ-द-लोनला बुर्गोन्य कालवा नदीला मिळतो. दुरुस्ती आणि सुटे भाग यांसाठी वाटेवरचं सर्वांत सोयीचं ठिकाण हेच, इंपेलरची जोडी इथूनच घेऊन ठेवावी.

पुढे नदी रुंदावते, लॉक 12 मीटर रुंद होतात आणि मालवाहू बार्जेस भेटतात. काठाची डावी-उजवी बाजू प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरते: उजवीकडे लाल बोया, डावीकडे हिरव्या. पुलाखाली एक पिवळा चौकोन म्हणजे रस्ता दुहेरी, समोरून कुणीही येऊ शकतं. दोन चौकोन म्हणजे एकेरी. समोरच्या बार्जनं निळी पाटी आणि लुकलुकता पांढरा दिवा दाखवला तर तिला उजव्या बाजूनं भेटायचंय, तुम्हीही आपली उजवी बाजू तिच्याकडे ठेवून जायचं.

शालोंला बेटामागच्या शाखेत बंदर आहे, मुख्य प्रवाहाच्या लाटा तिथं पोचत नाहीत. छायाचित्रणाचा जनक निसेफोर न्येप्स याच गावचा, जन्म 1765. त्याच्या नावाचं संग्रहालय घाटावरच आहे.

तुर्नू तीस किलोमीटर पुढे, मध्ये ओर्मचं लॉक. धक्का सें-फिलिबेर मठाच्या मनोऱ्यांखालीच, मठात पाच मिनिटांत चालत. अडचण एकच: धक्का उघड्या प्रवाहावर आहे. खाली जाता जाता सरळ लावू नये, पाणी मागून ढकलतं आणि रिव्हर्स पुरत नाही. धक्का ओलांडून पुढे जा, वळा, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून हळू तिरकं सरका. पहिला दोर नाळेचा. फेंडर, म्हणजे बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या, दोन जास्त, आणि दोरांना हातभर ढील: प्रवासी जहाज जवळून गेलं की बोट पुढेमागे खेचली जाते, ताठ दोराच्या झटक्यानं क्लीटचे स्क्रू ढिले होतात. इथं मागच्या क्लीटचा एक नट अर्धा फेरा सैल सापडला.