तुम्ही विचारलंत म्हणून: बिनस्क्रीनची पाटी

"ताई, मुलीला कॉम्प्युटरवर चित्रं काढायचीत. टॅबलेट कुठला घेऊ?" हे मला जिन्यात विचारतात, मंडईत विचारतात, एकदा तर अप्पा बळवंत चौकात स्कूटर लावायला जागा शोधत होते तेव्हाही एकांनी गाठलं. बहुतेकदा मुलीला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळालेली असते आणि विचारणाऱ्यांच्या मोबाइलवर मोठ्या स्क्रीनच्या टॅबलेटचा फोटो आधीच उघडा असतो. किंमत माझ्या पहिल्या स्कूटरच्या आसपास.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिली घ्याल ती बिनस्क्रीनची घ्या. लहान घ्या. वाकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन, तिघांकडेही मिळते. आमच्या घरी तिला पाटीच म्हणतात, कारण दिसते तशीच: काळी, सपाट, रिकामी. वायर कॉम्प्युटरला जोडायची, पेन पाटीवर चालवायचं, रेघ समोरच्या स्क्रीनवर उमटते.

इथे लोकांचा चेहरा पडतो. "म्हणजे हात एकीकडे आणि बघायचं दुसरीकडे?" हो. माउस चालवताना तुम्ही माउसकडे बघता का? ठिपक्यांची रांगोळी घालताना नजर चिमटीवर नसते, पुढच्या ठिपक्यावर असते. तसंच हे. पहिले आठ-दहा दिवस चिडचिड होते, मग हाताला कळतं.

स्क्रीनवाल्याबद्दल एक सांगून ठेवते. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी हौसेनं तो घेतला, खोकं उघडलं आणि चित्र काही दिसेना. त्यांच्या घरी कॉम्प्युटरच नव्हता! स्क्रीन असली तरी यातले बरेचसे टॅबलेट कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय मुके असतात. आयपॅडचं वेगळं, तो आपला आपण चालतो. पण त्याचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं, तेही हिशेबात धरा.

आता माझी फजिती. पाटी आणली, चित्रं काढायचं फुकटातलं सॉफ्टवेअर, क्रिता, डाउनलोड केलं (अजूनही तेच सुचवते, शिकायला त्याहून जास्त काही लागत नाही) आणि गोल काढायला बसले. कर्तव्यभूमितीत कधी मार्क न गेलेली मी, माझा प्रत्येक गोल आडवा पसरायचा. चेहरे सुजल्यासारखे. मोदक काढला तर बसका. तीन आठवडे मी स्वतःच्या हाताला दोष देत होते, वहीवर गोल काढून बघत होते. वहीवर नीट यायचे.

दोष सेटिंगचा होता आणि ते मीच कधी उघडून पाहिलं नव्हतं. माझी पाटी १६ बाय १० प्रमाणाची, लॅपटॉपची स्क्रीन १६ बाय ९. पाटीचा कोपरा स्क्रीनच्या कोपऱ्याला बांधला की आडवी रेघ ताणली जाते: ९ उंच गोल १० रुंद होतो. फरक एवढा थोडा की यंत्रावर संशयच येत नाही, स्वतःवर येतो. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे पाटीसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम ठेवायची एक खूण असते, वाकॉममध्ये तिला 'फोर्स प्रपोर्शन्स' म्हणतात. ती केली की पाटीची थोडी कड वाया जाते आणि गोल गोल येतो. लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर पाटी एकाच स्क्रीनला बांधा, नाहीतर मोदकाची चपाती होते.

खोक्यावर ठळक छापलेलं असतं ते दाबाच्या पातळ्यांचं, म्हणजे पेन किती दाबलंय ते पाटी किती पायऱ्यांत ओळखते त्याचं: २०४८, ४०९६, ८१९२. त्यावरून भांडू नका. पेन किती हलकं टेकवल्यावर रेघ सुरू होते ते महत्त्वाचं, आणि ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पेन मात्र बिनबॅटरीचं बघा. पाटीतल्या तारांच्या जाळ्यातून विद्युतचुंबकीय क्षेत्र निघतं, पेनातलं वेटोळं त्यावरच चालतं. चार्जिंगची कटकट नाही.

आकार? वाकॉमच्या लहान पाटीची चित्रं काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाहून जराशी मोठी. मनगटानं काढणाऱ्याला पुरते. कोपरापासून हात फिरवायची सवय असेल तर मधला आकार घ्या. मोबाइलला जोडायचा विचार असेल तर तुमचं मॉडेल अँड्रॉइडवर चालतं का ते आधी बघा, पाटीची वायर मोबाइलला जोडायचा ओटीजीचा तुकडा काय, पुण्यात तपकीर गल्लीत कुठेही मिळेल.

पेनाचं टोक झिजतं. पाटी गुळगुळीत वाटते म्हणून मी वर साधा कागद चिकटवला होता. हाताला छान खरखर लागली, पण टोकं भराभर तिरकी झाली. सोबत दोन-तीन जादा येतात, ती पेन्सिलीच्या डब्यात टाकू नका, हरवतात.

आणि एवढं सगळं ऐकूनही ठरत नसेल तर माझी जुनी पाटी माळ्यावर पडून आहे. आठवडाभर घेऊन जा, मुलीला बसू दे. वायर तेवढी ढिली झालीये, जरा उजवीकडे वाकवून ठेवावी लागते.