घुशीची भावकी

गणपतीला गावी पोचलो की पहिला चहा संपायच्या आत तात्या मला शेतावर नेतात. यंदा आमच्या आणि खालच्या कोपऱ्याच्या, म्हणजे खालच्या शेताच्या तुकड्याच्या, मधली मेर (बांध) फुटली होती. बिळाच्या तोंडाशी ओल्या लाल मातीचा ढीग, आणि आमच्या भाताचं पाणी त्या भोकातून खालच्या कोपऱ्यात निवांत चाललेलं. खालचा कोपरा आमच्याच भावकीचा, त्यामुळे दुःख दुप्पट.

"उंदीर असेल," मी म्हटलं.

"उंदीर नाय रे, घूस ती. एका बिळात एकच ऱ्हवता. भावकी नाय, म्हणान सुखी."

गणपती घरात असेपर्यंत घुशीवर औषध घालायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तेव्हा तात्या चिऱ्याचे तुकडे गोळा करायला लागले आणि मला आफ्रिकेतले मोलरॅट आठवले, म्हणजे जमिनीखाली बोगदे खणून राहणारे उंदरासारखे प्राणी. मोबाईलवर त्यांचे फोटो बघत रात्री जागवायची मला खोड आहे.

नावात रॅट असला तरी हा प्राणी घुशीच्या भावकीतला नव्हेच. त्याचं खरं नातं साळिंदराशी आणि गिनीपिगशी. जमिनीखाली राहून राहून डोळे बारीक झाले, कान जवळजवळ गेले, दात पुढे आले. सोंग घुशीचं, सातबारा साळिंदराचा. दातांची तर गंमतच आहे. ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणजे तोंड बंद ठेवूनही दातांनी माती खणता येते. आमच्या गावच्या मीटिंगला ही सोय असती तर बरं झालं असतं.

यांच्यातही सगळे एकसारखे नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातले काही मोलरॅट पक्के एकलकोंडे, अगदी तात्यांच्या घुशीसारखे. उलट केनिया, इथिओपिया, सोमालियातला बिनकेसांचा मोलरॅट सत्तर-ऐंशींच्या गोतावळ्यात राहतो. काही वसाहती तीनशेच्या घरात जातात. त्यात पिल्लं घालणारी राणी एकच, बाकीच्यांनी खणायचं, राखायचं, पिल्लं सांभाळायची. मधमाश्यांसारखा हा कारभार सस्तन प्राण्यातही चालतो, हे प्राणिशास्त्रज्ञ जेनिफर जार्व्हिस यांनी 1981 साली जगाला सांगितलं. पुढे कलहारीकडच्या डमारालँड मोलरॅटमध्येही तोच प्रकार दिसला.

आता कोणालाही वाटेल, हे दोघे सख्खे भाऊ. तसं नाही. बिनकेसांच्या मोलरॅटची फांदी बाकीच्यांपासून 3 कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास वेगळी झाली, आणि तिथून डमारालँडवाल्याच्या फांदीपर्यंत जायला गेलं तर वाटेत ते एकलकोंडेच भेटतात. म्हणजे एकत्र कुटुंब एक तर दोनदा जमलं, नाहीतर एकदा जमून मधल्या काहींनी वाटण्या करून घेतल्या. मला दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते, पण ते माझ्या गावामुळे असेल.

झांबियात तर आणखी घोळ. तिथले दोन मोलरॅट शेजारी ठेवले तर एक कोणता नि दुसरा कोणता हे सांगताना नाकी नऊ येतील. पण एकाची गुणसूत्रं 68, दुसऱ्याची 58. याच गटात कोणाची 40 आहेत, तर कोणाची 78. चेहरा बघून भावकी ठरवू नये, कागद बघावा.

एकत्र राहायचं कारण पोटाचंच असावं. कोरड्या मुलखात जमीन चिऱ्यासारखी कडक, आणि करांद्या-कणगीसारखे कंद लांब लांब. एकट्याने खणत बसलं तर कंद लागायच्या आधी जीव जायचा. पाऊस पडून माती मऊ झाली की सगळे मिळून बोगदे वाढवून घेतात. मोठा कंद लागला तर बिनकेसवाले तो एकदम संपवत नाहीत. आतून थोडा खातात, तो पुन्हा भरतो.

आणि प्रत्येक वसाहतीची बोली वेगळी. भेटल्यावर ते हळू चिवचिवतात, तो सूर घराघराचा निराळा. परक्या घरात वाढलेलं पिल्लू त्या घरचा सूर उचलतं. राणी गेली की तो सूर विस्कटतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आजी गेल्यापासून आमच्या घरातली मालवणी अशीच पातळ होत गेली आहे. मी स्वतः तात्यांशी पुणेरी मराठीत बोलतो आणि ते मला मालवणीत उत्तर देतात.

मेरेवर बसूनच मी तात्यांना मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्येचे केस खय गेले?"

"नसतातच. ऐंशी-ऐंशी जण एका घरात राहतात, तात्या."

"ऐशी? आणि चुली किती?"

"एकच म्हणायची."

तात्यांनी मोबाईल परत दिला. "खोटा," म्हणाले, आणि चिऱ्याचा तुकडा बिळात ठोकायला वाकले.